सध्या दोन पुरेत

ऑफिसात तिला सगळे ‘मिरची’ म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. सोळा वर्षं ती दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते आहे आणि सोळा वर्षं भांडते आहे. मी शेजारच्या खुर्चीवर, त्यामुळे निम्मी भांडणं मला पाठ आहेत.

त्या सोमवारी ती आली तीच धुमसत. आदल्या दिवशी तिची आई चक्कर येऊन पडली होती. डॉक्टर म्हणाले, दोन औषधं एकमेकांना चालत नव्हती. आणि तिची औषधांची चिठ्ठी तपासून ‘सुरक्षित’ म्हणाला होता आमचाच प्रोग्रॅम!

तिने कोड उघडला. तपासणी करणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, दोनच औषधं घेत होतं. आईची चार होती. आम्ही प्रोग्रॅम लिहितो ती भाषा, जावास्क्रिप्ट, मोठी लबाड. दोन मागणाऱ्या फंक्शनला चार दिली तर हूं की चूं करत नाही. पहिली दोन घेते, उरलेली गुपचूप टाकून देते. असल्या गोड स्वभावाचा मलाही संताप येतो.

साहेब केबिनबाहेर आले. “अगं, पुढच्या महिन्यात दोनाची चार करू.”

“चार? आणि कोणी नऊ घेत असेल तर? त्याने पाच घरी ठेवून यायचं का?”

ती बसली. फंक्शनच्या कंसात दोन औषधांच्या जागी एकच नाव ठेवलं आणि त्याआधी तीन टिंबं दिली. आता कितीही औषधं येवोत, सगळी एका यादीत गोळा होणार. मग प्रत्येक औषध प्रत्येकाशी ताडून पाहायला लावलं. आईची चार घातली. स्क्रीन लाल झाली: दुसरं आणि चौथं.

“हे दोनाचं शहाणपण कोणाचं? नाव काढ रे. आज त्याची खैर नाही.”

कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद असते. मी ती काढली. तिने माझी स्क्रीन स्वतःकडे वळवली. आठ वर्षांपूर्वीची तारीख, तिचंच नाव, शेजारी तिचीच टीप: ‘सध्या दोन पुरेत.’

 ती उठून साहेबांसमोर गेली.

“सगळ्या दवाखान्यांना आत्ता कळवा. चूक माझ्या नावावर घाला.”

“गुपचूप दुरुस्त करू ना. कोणाला कळलंय?”

“माझी आई माझ्या घरात पडली म्हणून मला कळलं,” ती ओरडली. “बाकीच्यांच्या आया कुठे पडल्यात, तुम्हाला माहीत आहे?”