मधातच लाईन गेली तर?

लाईन गेल्यावर आनंदाने हात चोळणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि आमच्या नशिबाने तो माझा साडू आहे. भर उन्हाळ्यात दुपारी पंखा गपकन थांबतो, घराघरांतून वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो, आणि त्याच क्षणी केनवडच्या घरात हा गृहस्थ ताटावरून उठून "गेली! गेली!" असं ओरडत आतल्या खोलीत पळतो. एकदा शेजारच्या म्हातारीने हे ऐकलं, तिला वाटलं घरातलं कोणी माणूसच गेलं, आणि ती बिचारी डोक्यावरून पदर ओढून रडतच दारात आली. साडूंनी तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि समजूत घातली, "काकू, कोनी नाई मेलं. लाईन गेली. बसा आता, येताना कशी येते ते पाहू." म्हातारी त्यानंतर आठ दिवस त्यांच्या घराकडे फिरकली नाही.

तर हा माणूस वेडा नाही, असं माझी मेव्हणी शपथेवर सांगते. पुण्याला संगणकाच्या मोठ्या कंपनीत होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून केनवडला आले, वडील गेले तरी इथेच राहिले आणि आता घरून नोकरी करतात. पण नोकरी ही त्यांची पोटाची सोय. जीव अडकला आहे तो दुसऱ्याच कामात. संगणक चालवणारी एक मोठी प्रणाली आहे म्हणे, जी जगभरची माणसं मिळून, हौसेने, फुकट लिहितात. कोणीही आपला मजकूर सगळ्यांसमोर मेलने पाठवायचा आणि जाणत्यांनी तो सगळ्यांसमोर फाडायचा. फाडून झाल्यावर काही शिल्लक उरलंच तर ते आत घ्यायचं. आमचे साडू या फाडणाऱ्यांपैकी एक. त्यातही त्यांचा प्रांत ठरलेला: यंत्रातली वीज सांभाळणाऱ्या चिपा आणि त्यांचे ड्रायव्हर. मी मराठीचा मास्तर, मला हे कळेना, तेव्हा त्यांनी पंगतीवरून समजावलं. "सर, चीप म्हंजे वाढपी. कोनाले किती वाढाचं, कोनाले आंधी, कोनाले मांगून, हे त्याच्या हातात. अन ड्रायव्हर म्हंजे त्या वाढप्याले हुकूम सांगणारा माणूस. हुकूम चुकला का पंगत उपाशी, नाईतं कोनाचं तरी पोट फुटलं." जगभरच्या यंत्रांनी वीज कशी जपून वापरावी हे जो माणूस ठरवतो, त्याच्या गावात वीज मनाला येईल तेव्हा येते आणि जाते. देवालाही कधीकधी गंमत सुचते, दुसरं काय!

आता मेलातलं फाडणं मेलात ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण या माणसाला दिसेल ते तपासायची खोड. लग्नपत्रिका हातात पडली की आधी लाल पेन शोधणार. आमच्या मेव्हणीच्या हातची भाजी खाऊन सांगणार, "मीठ बरोबर हाय. मोहरी जराशी जळली. बाकी पुढच्या खेपेले पाहू." मेव्हणी मला म्हणते, "लग्न झाल्यापासून माहा स्वयंपाक तपासून राह्यले हे. पास कवा करन माणूस, तो देवच जाणे!" त्यांच्या तोंडून निघणारी सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे "चालते". माझा एक लेख दिवाळी अंकात आला होता, मोठ्या उमेदीने मी तो त्यांना वाचायला दिला. चार दिवसांनी परत आला, प्रत्येक परिच्छेदासमोर "हे कशावरून?" लिहिलेला. "चालते" एकाही ठिकाणी नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्या घरी फक्त किराणा घेऊन जातो.

आणि त्यांचा तो एक प्रश्न! पुतण्याचं लग्न ठरलं, मंडप, बँड, आचारी सगळ्यांची बैठक बसली, सगळं झालं, आणि साडूंनी घसा खाकरला. "अन मधातच लाईन गेली तर?" मंगलाष्टकं चालू असताना लाईन गेली तर, मिक्सरमध्ये चटणी असताना गेली तर, पंपाचं पाणी अर्ध्या टाकीवर असताना गेली तर. "तुमच्या तोंडात साखर पडो म्हणायची सोय नाही, भाऊ," असं मी वैतागून म्हणालोही. लग्नाच्या दिवशी बरोबर "शुभमंगल"वर लाईन गेली, आणि साऱ्या मांडवाने वर बघायच्या ऐवजी साडूंकडे बघितलं. नवरीच्या मामाने तर त्यांच्या हातात वायर आहे का तेही पाहिलं. साडू मात्र खिशातून बॅटरी काढून भटजींच्या पोथीवर उजेड पाडत उभे होते, चेहऱ्यावर समाधान असं की जणू मुलगी त्यांचीच.

अशा माणसाच्या पुढ्यात आमच्या गौरीचा मजकूर जाऊन पडला.

गौरी माझी मुलगी. पुण्याला एका छोट्या कंपनीत नुकती लागलेली, अजून पक्की न झालेली. त्यांचा एक बोर्ड शेतातल्या पंपाच्या पेटीत बसणार होता, त्यातली वीज सांभाळणारी चीप नवीन, आणि तिचा ड्रायव्हर लिहायचं काम गौरीकडे आलेलं. तिच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रणालीच्या येत्या आवृत्तीत हा ड्रायव्हर गेला तर नोकरी पक्की, नाहीतर काम दुसऱ्याकडे आणि तुझं काय ते पुढे बघू. "पुढे बघू" याचा अर्थ काय होतो तो आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पण आमच्या घरी काळजी कसली? तपासणारा घरचा! माझ्या बायकोने पेढ्यांच्या दुकानाचा रस्ताही मनात धरला होता.

आणि उत्तर आलं. सगळ्या जगासमोर आलं. गौरीने रडत फोन केला, "बाबा, मावसाजींनी माझी एक ओळसुद्धा धड ठेवली नाही." तिने वाचून दाखवलं ते इंग्रजीत होतं, पण मला ते वऱ्हाडीतच ऐकू आलं. हे काहून? हे कशावरून? अन मधातच लाईन गेली तर? बायकोने माझ्या हातातला फोन ओढला आणि केनवडला लावला. "भाऊजी, घरचीच पोरगी हाय, एवढं काय धरून बसता?"

"घरची हाय म्हणूनच," पलीकडून शांतपणे आवाज आला. "परक्याचं असतं तं दोनदा वाचलं असतं. हिचं चारदा वाचून राह्यलो."

केनवडला जायची लोणच्याची बरणी तेव्हा आमच्याकडेच अडकली.

गौरी बापाच्या वळणावर गेली नाही हे बरं. मी लेख कपाटात टाकून दिला होता, तिने डोळे पुसून ड्रायव्हर पुन्हा लिहिला, पुन्हा पाठवला. पुन्हा फाडला. पुन्हा लिहिला. शेवटी साडूंनी कळवलं, वाचण्यासारखं आता वाचून झालं, तो बोर्ड इकडे पाठव, मला तो खऱ्या लाईनवर चालवून पाहायचा आहे. मी म्हटलं, भाऊ, बटन बंद-चालू करून पाहा की, त्यात काय? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सर, माणूस बटन बंद करते तवा इमानदारीनं बंद करते. लाईन जाते ते बेइमानीनं जाते. अन येते ते त्याहून बेइमानीनं येते." बोर्ड केनवडला पोचला, आतल्या खोलीत टेबलावर बसला, आणि साडू लाईन जायची वाट पाहू लागले. फार वाट पाहावी लागणार नव्हती म्हणा.

पण मध्ये आला धोंड्याचा महिना. आमच्या सासूबाई जऊळक्याला असतात. अधिक महिन्यात जावयांना धोंडे जेवायला बोलवायचं, वर वाण द्यायचं, तेही दिव्याचं, हा त्यांचा नेम. आम्ही दोघे जावई पाटावर बसलो. पुरणाचे धोंडे झाले, अनारसे झाले, आणि वाण निघालं. मला मिळाला तांब्याचा दिवा, तर्जनीएवढा. साडूंसाठी दोन माणसांनी उचलून आणला तो इन्व्हर्टर! बॅटरीला हळदकुंकू लावलेलं, वर नारळ. झालं होतं असं की माझ्या बायकोने आईच्या कानाशी लागून सांगितलं होतं, भाऊजींना अंधारात काम करावं लागतं म्हणून ते चिडके झालेत, उजेड मिळाला तर पोरीचं काम पटकन करतील. सासूबाईंना ते पटलं. "जावयाले दिवाच द्या लागते ना? मंग हा मोठा दिवा," त्या म्हणाल्या, आणि वर बजावलं, "महिना सरेस्तोवर इझू द्याचा नाई, बाप्पा!"

साडूंचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. जर्मनीतल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणारा हा वाघ, सासूबाईंसमोर टोपी सारखी करून "हाव" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फिटर येऊन सगळं घर त्या इन्व्हर्टरवर जोडून गेला. आणि केनवडच्या त्या एका घरातली लाईन जाणं बंद झालं! गावात हाहाकार, यांच्याकडे पंखा गरगर. साडू बोर्डासमोर बसून. "लाईन काहून जाऊन नाई राह्यली?" म्हणायचे, आणि मग आठवून कपाळावर हात मारायचे. बंद करावा म्हणावं तर सासूबाई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून "दिवा हाय ना चालू?" विचारत आणि मेव्हणी भक्तिभावाने मोबाईल इन्व्हर्टरपुढे धरी. आता आवृत्ती बंद व्हायला थोडेच दिवस उरले, गौरीचे साहेब रोज विचारणार, आणि साडू लिहून पाठवणार की अजून चालवून पाहिलं नाही. पोरीची नोकरी आमच्याच आहेरापायी जायची वेळ आली. मी तांब्याच्या दिव्याला रोज तेल घालत होतो आणि मनात म्हणत होतो, आमचा दिवा परवडला.

मग एके सकाळी मेव्हणीचा फोन आला, "हे बोर्ड घेऊन कुठीसा गेले!" गेले होते पिठाच्या चक्कीत. साऱ्या केनवडात सगळ्यात बेइमान लाईन तिथली. मोटर सुरू झाली की बल्ब लाल, बंद झाली की पांढरा, आणि लाईन गेली की येताना धड येत नाही, उचकी लागते तशी येते, जाते, परत येते. साडू पोत्यावर बसलेले, मांडीवर लॅपटॉप, बाजूला बोर्ड, नखशिखांत पांढरे. त्या उचकीनेच बोर्ड मेला. वाढपी, म्हणजे ती चीप, अर्धवट जागा होऊन परत झोपला होता, आणि गौरीचा ड्रायव्हर तो जागाच आहे समजून त्याला हुकूम सोडत बसला होता. पुण्यात हे कोणाला दिसलं नसतं. शेतात मात्र पहिल्याच आठवड्यात साऱ्या पेट्या मेल्या असत्या.

गौरी मिळेल त्या गाडीने निघाली, घरी न येता थेट चक्कीत उतरली. मी तिथे पोचलो तेव्हा दोघं पोत्यांवर शेजारी बसून टाइप करत होती, आणि चक्कीवाला सांगत होता, "पोरी, दळण नाई तं बाजूले सर, मांगं रांग लागली." संध्याकाळपर्यंत ती लिहायची, हे चालवायचे, लाईन जायची, बोर्ड मरायचा. शेवटी एकदा लाईन गेली, तीन उचक्या देऊन आली, आणि बोर्डावरचा हिरवा दिवा शांतपणे लागून राहिला. गौरीने मावसाजींकडे पाहिलं. त्यांनी पुढची लाईन जाईपर्यंत वाट पाहिली, परत पाहिलं, चष्म्यावरचं पीठ पुसलं आणि म्हणाले, "चालते."

माझी पोरगी तिथे हमसाहमशी रडली. नोकरीसाठी नव्हे, हे मलाही कळलं.

पण आपलं "मी वाचलं, मला पसंत" हे नाव त्यांनी तिच्या मजकुराखाली लावलंच नाही. सगळ्या जगाला त्यांनी कळवलं की लिहिणारी माझ्या साळीची मुलगी आहे, तेव्हा वाचून पसंती परक्यांनी द्यावी. स्वतः त्यांनी फक्त "चालवून पाहिलं" एवढं लिहिलं, कारण चिपला नातं कळत नाही. जर्मनीतल्या एकाने आणि ब्राझीलमधल्या एका बाईने वाचून पसंती दिली, ड्रायव्हर वेळेत आत गेला, गौरी पक्की झाली. लोणच्याच्या दोन बरण्या केनवडला गेल्या. त्यावर "मेथी थोडी जास्त" असा अभिप्राय आला.

आता गौरी स्वतःच दुसऱ्यांचे मजकूर फाडते. "मधातच लाईन गेली तर?" हा प्रश्न तिच्या कंपनीत नवी पोरं तिच्यामागे तिची नक्कल करत म्हणतात, असं तिनेच हसत सांगितलं. कामाच्या रगाड्यात केनवडला तिचा फोन कमी झाला. गावात विजेची नवी डीपी बसली, तेव्हापासून लाईनही फारशी जात नाही. परवा गेलो तर साडू आतल्या खोलीत तसेच बसलेले. बोर्ड टेबलावर, हिरवा दिवा लागलेला. मी गौरीचं सगळं बरं चाललंय असं सांगितलं. ते म्हणाले, "पुण्यात लाईन जाते का हो, सर?"

"नाही जात फारशी."

"हाव. मंग फोन कायले करन पोरगी."

बाहेर ओट्यावर येऊन मी गौरीला फोन लावला आणि सांगितलं, मावसाजींकडे लाईन गेली आहे, येताना कशी येते ते जरा विचार. लाईन गेली नव्हती. आत पंखा फिरत होता.

मी वाशीमला घरी पोचलो आणि साडूंचा फोन आला. "सर, पोरीचा फोन आल्ता. लय वेळ बोलली. तुमी तिले चुकीचं कळवलं. आज केनवडले लाईन गेलीच नाई."

मी दारातच एका पायावर उभा, दुसऱ्या पायातली चप्पल काढायची राहिली.

"पन चालते," ते म्हणाले.