एक्केचाळीस दाते

हिराजी मिस्त्री गिअरचे दाते मोजताना पहिल्या दात्याला कधीही एक म्हणत नसत. खिशातल्या खडूने एका दात्यावर रेघ ओढायची, तिच्यावर बोट ठेवून ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार असं मोठ्याने मोजत फिरून रेघेपाशी यायचं. एकदा सुलट, एकदा उलट. मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. नायगाव स्टेशनबाहेर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे ट्रकवाले ताटकळत उभे असायचे आणि हे आपले लाभ म्हणत बसलेले. ड्रायव्हर मंडळी त्यांना ‘दातेमास्तर’ म्हणत. एका सुट्या भागांच्या दुकानदाराने तर खरोखरच ‘श्री. हिराजी दाते’ या नावाने पार्सल पाठवलं होतं. मिस्त्रींनी ते सही करून घेतलंही.

माझी त्यांची गाठ पडली ती पाण्यापायी. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. आमची भाजीपाल्याची वाडी होती, वाडीत गोड्या पाण्याची विहीर होती आणि माल न्यायला एक म्हातारी पिकअप होती. माझी धाकटी बहीण मंजू खाडीकाठच्या एका गावात शिक्षिका होती, तिथेच खोली घेऊन राहायची. एप्रिल लागला आणि त्या गावच्या विहिरी खारट झाल्या. पोरं शाळा सोडून हंडे घेऊन मैलोन्‌मैल जायला लागली. मंजूने चिठ्ठी पाठवली, ‘दादा, भाजी राहू दे, पाणी आण.’ मी गाडीत सहा पिंपं चढवली आणि रोज दोन खेपा सुरू केल्या.

पंधराएक दिवस बरे गेले. मग एका दुपारी खाडीच्या बांधाच्या चढावर मागून ‘खाड्’ असा आवाज आला. इंजिन चालू, चाकं मात्र जागच्या जागी. गाडी बैलांनी ओढून घरी आणली आणि मी मागच्या आसाचं लोखंडी कवच, हौसिंग, उघडलं. क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या चक्राचे, तीन दाते उडालेले होते. कोरलेला नंबर गंजून गेला होता. म्हणून मीच दाते मोजले, उडालेल्यांचे बुडखेसुद्धा धरून. क्राऊन चाळीस आणि त्याला फिरवणारी छोटी पिनियन आठ. कागदावर लिहून घेतलं आणि नायगाव गाठलं.

मिस्त्रींनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, “असा सेट नसतो.”

“नसतो कसा? मी स्वतः मोजलाय.”

“चालीसला आठ म्हंजे बरोब्बर पाच फेरे. फिरून फिरून त्योच दाता त्याच दात्याला भेटनार. एक बिघडला का त्याचा जोडीदारपन मेला. बनवनारा येवढा येडा नसतो.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत त्यांनी विचारलं, “तू मोजलंस कसा, ते बोल.”

मी हवेत बोट फिरवून दाखवलं, “लाभ, एक, दोन, तीन...”

“आनि तुजा लाभ कुटं गेला?”

“आमच्या वाडीत लाभ मोजत नाहीत. तो गिऱ्हाइकाला वर.”

“अरे वाडीवाल्या, गिअरला गिऱ्हाईक नसतो!” मिस्त्री इतके हसले की समोरच्या पानवाल्याने मान वळवली. केळीचा फणा असो की गिअरचा दाता, माझं बोट आपलं आजोबांनी लावलेल्या सवयीने चाललं होतं. दोन्हीकडे एकेक दाता मी फुकट वाटून टाकला होता. क्राऊन एक्केचाळीस, पिनियन नऊ. तरी माझ्या शब्दावर विसंबतील तर ते मिस्त्री कसले. माझ्याबरोबर वाडीवर आले, खडू काढला आणि स्वतः मोजूनच उठले.

आता एक्केचाळीस-नऊची जोडी मिळेना. पहिल्या दिवशी नालासोपाऱ्याच्या भंगारात सदतीस-नऊची मिळाली, तीही जवळजवळ नवी. माझा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी ती उलटसुलट करून परत ठेवली.

“बसंल तुज्या गाडीत. गाडी धावंलपन मस्त. पन वढनार नाय. तुना धावायचा हाय का पानी वढायचा हाय?”

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात एक्केचाळीसचा क्राऊन मिळाला, पण पिनियन दुसऱ्याच गाडीची. “दोन घरचे दोन तुकडे,” मिस्त्री म्हणाले, “नांदायचे नाय.” तिसऱ्या दिवशी काहीच मिळालं नाही. त्या दिवशी मंजूचा निरोप आला, की तिच्या वर्गातली दोन पोरं खारं पाणी पिऊन जुलाबाने आडवी झाली आहेत. मी तडक शेडवर गेलो आणि चारचौघांत मिस्त्रींवर ओरडलो, “सदतीसचा तर सदतीसचा, बसवा! तुम्ही इथे दाते मोजत बसा. त्या गावात माणसं काय पितायत, तुम्हाला काय कल्पना?”

मिस्त्री हातातलं काम करत राहिले. म्हणाले, “सदतीसवर भरली गाडी बांध चढनार नाय. क्लच जालशील, मंग पावसापातूर पानी नाय. उद्या कुर्ल्याला जाताव.”

कुर्ल्याच्या भंगारात त्यांनी दिवसभर उन्हात ढीग उपसला आणि एक्केचाळीस-नऊची, एकमेकांना घासून सरावलेली जोडी घेऊन आले. पाचव्या दिवशी उजाडताच वाडीवर येऊन कामाला लागले. शेंदूर तेलात कालवून दात्यांना फासला, चक्र फिरवलं, दाते नीट जुळतात का कळावं म्हणून शेंदूर कुठे पुसला गेला ते पाहिलं, पुन्हा खोललं. असं चार वेळा. मी दात-ओठ खात बसलो होतो. आज सांगतो, इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

दुपारी पाणी भरून निघालो तेव्हा मिस्त्री मागे पिंपांच्या मध्ये बसले, हौसिंगचा आवाज ऐकायला. बांधाचा चढ गाडीने पहिल्या गिअरमध्ये सावकाश, न कुरकुरता घेतला.

गावात रांग लागलीच होती. मिस्त्रींनी रबरी नळी पिंपात सोडली आणि हंडे भरायला सुरुवात केली. इतक्यात मागून एक वाळलेली म्हातारी कळशी घेऊन थेट पुढे आली.

“हिरा, मना दे रं आधी.”

मिस्त्रींनी मान वरही केली नाही. “आये, लायनीत.”

म्हातारी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, “मिस्त्री, तुमची आई? इथेच राहते? मी तुम्हाला एवढं टाकून बोललो, तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“सांगितला असता,” नळी पुढच्या हंड्यात टाकत ते म्हणाले, “तं सदतीसचे एक्केचालीस झाले असते?”

म्हातारीचा नंबर आला तोवर पाचवं पिंप उघडलं होतं. तिची कळशी मी भरली. मिस्त्री केव्हाच गाडीखाली शिरले होते, ऑइल गळतंय का बघायला.