मी मच्छीमार नव्हे म्हणे

"इव मीनुगार अल्ल, सर." हा मच्छीमार नव्हे. बोटीच्या मालकानं मासेमारी खात्याच्या साहेबांना कन्नडमध्ये सांगितलं आणि माझ्याकडं हात केला. "हा हुबळीचा. ह्यांच्या जातीत कुठली आली मासेमारी?"

लोक हसले. मी उभाच होतो.

हुबळीच्या केशवापुरातलं गारेगार सभागृह. समुद्रातल्या मोठ्या पट्ट्यात कुप्याची, म्हणजे ट्यूनाची मासेमारी बंद व्हायची होती. मासा कमी झालाय म्हणून. मग पोटापाण्याचं काय, यावर बैठक. मालकानं आम्हा खलाशांना कारवारहून टेम्पोत भरून आणलं. दाखवायला. आधी आमच्याच नावानं गळा काढला, "माझी पोरं उपाशी मरतील." साहेब म्हणाले, बंदीत मच्छीमारांना मदत मिळेल. मी विचारलं, "बोटीवर राबणाऱ्या आम्हालापण ना?" तेवढंच. त्यावर मालकाचं हे उत्तर.

हुबळीतलं गोकुळ रोडचं माझं वर्कशॉप बंद पडलं म्हणून मी कारवार गाठलं. समुद्र कधी बघितला नव्हता. पहिल्या फेरीत आतडी पिळवटेपर्यंत ओकलो. मग शिकलो. कुपा गळाला लागला की दोर तळहात कापत जातो. माझा उजवा अंगठा आता वाकत नाही. बोटीवर माझा पाण्याचा मग वेगळा. तेही गिळलं. काम हवं होतं.

"बस खाली," मालक हळूच मराठीत म्हणाला. "तुझं मी बघतो नंतर."

बघतो! दुर्गदबैलच्या बाजारात पोती वाहताना माझ्या वडिलांची, अप्पांची कंबर मोडली, तेव्हाही दुकानदार हेच म्हणाला होता. अप्पा अंथरुणातच गेले.

माझ्या शेजारी आमचा तांडेल, बोट हाकणारा. त्यानंच मला गळ टाकायला शिकवलं. तो खाली मान घालून बसलेला.

मी बसलो नाही. सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्येच बोललो, "सर, मासा ओढताना मी मच्छीमार. मदत द्यायची वेळ आली की ह्यांना माझी जात आठवते?"

कुणी हसलं नाही. साहेब बाटलीतलं पाणी प्यायले. "वैयक्तिक विषय नकोत," म्हणाले. माईक पुढं गेला.

बाहेर तांडेल मागनं आला. "मालकाच्या पाया पड. बंदीआधीच्या फेऱ्या तरी मिळतील."

"नाही पडणार."

टेम्पो मला न घेताच गेला. मी हुबळीतच थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी आलो. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "आणि आता खाणार काय?"

मासा वाचवा, माझी ना नाही. तो संपला तर आधी आम्हीच मरणार. पण आम्हाला पुढं करून मदत मालकानं न्यायची, हे चालणार नाही. माझ्यासारखे, समुद्राशी जातीचं नातं नसलेले, धक्क्यावर पुष्कळ आहेत. गदगचे, हावेरीचे. गप्प असलेले.

उद्या कारवारला निघतोय. बोटीवर घेणार नाहीत, माहीत आहे. धक्क्यावर उभा राहीन. एकेकाला गाठीन, तांडेलालासुद्धा. पुढच्या बैठकीत आमच्या वतीनं मालक बोलणार नाही. बोलू देणार नाही.