सात नंबरच्या खाटेवरचा जान

इस्पितळातल्या पुरुष वॉर्डात अकरा वर्षं दाढ्या करणारे काका मुलखाचे अबोल होते. न्हावी म्हटला की जिभेला हाड नाही, असा लोकांचा समज. काकांनी तो एकट्याने खोटा पाडला होता. सकाळी आठला यायचं, ऑपरेशनवाल्यांचे केस काढणं आधी उरकायचं, मग एकेक खाट घेत पुढे सरकायचं. खांद्यावर टॉवेल, हातात वाटी, खिशात तुरटी. "गाल फुगवा", "हलू नका", "झालं" एवढ्यात दिवसभराचं बोलणं आटपायचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी एक खोली, एक खुर्ची आणि तिच्यासमोर दुसरी, जिच्यावर आता धुतलेले कपडे घडीची वाट पाहत पडलेले असत.

त्या वर्षी एका मालवाहू जहाजावरचा खलाशी सात नंबरच्या खाटेवर आला. शिडीवरून पडून पाय मोडला होता, आणि जहाज त्याला मागे ठेवून पुढे गेलं होतं. त्याला तुर्की येत होती आणि इंग्रजीचे पंधरा-वीस शब्द; बाकी सगळा हातवाऱ्यांचा कारभार. खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कार्डावर इंग्रजीत नाव होतं: सी, ए, एन. म्हणजे कॅन. वॉर्डातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं, डबा. डब्याला गोळी दिली का, डबा जेवला का, असं चालायचं. बिचाऱ्याला काय ठाऊक; सगळे हसले की तोही हसायचा.

तिसऱ्या दिवशी दाढी करताना काकांच्या तोंडून सहज निघून गेलं, "कॅन, इकडे बघ."

खलाशाने त्यांचं मनगट धरलं. फेसाने माखलेल्या तोंडाने तो म्हणाला, "नो कॅन. जान." आणि छातीवर डाव्या बाजूला दोनदा तळहात ठेवला.

काकांनी वस्तरा बाजूला घेतला. शेजारच्या खाटेवर हर्नियाचे एक मास्तर होते. आयुष्यभर भाषा शिकवलेले, आणि ऐकायला कुणी नसल्यामुळे आठवड्यात कोमेजलेले. ते तरतरीत होऊन उठून बसले. तुर्कीत सी हे अक्षर 'ज' म्हणून वाचतात, असं त्यांनी सांगितलं. नाव जान, म्हणजे जीव, प्राण. शब्द मुळात फारसी. तिकडे गेला तसा आपल्याकडेही आला. आपण जानी दोस्त म्हणतो, तीच ही जान.

"आणि इंग्रजीतला?" काकांनी विचारलं. वॉर्डात कामाशिवाय त्यांनी विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न.

"त्यात दोन आहेत. एक डबा, तो जुना भांड्याचा शब्द. दुसरा 'आय कॅन'मधला, मला जमतं म्हणतात तो. त्याचा आधीचा अर्थ होता, मला माहीत आहे. फार मागे गेलं तर त्याचं आणि आपल्या 'जाण'चं मूळ एकच निघतं."

"म्हणजे तुर्कीत जान आणि इंग्रजीत जाण."

"पण त्या दोघांचं आपसात नातं नाही हं," मास्तरांनी बजावलं. "सी-ए-एन लिहिलं की सारखे दिसतात, एवढंच."

दाढी संपवून काकांनी कार्डावर पेन्सिलीने मराठीत 'जान' लिहिलं. सिस्टर तडकल्या; कार्ड म्हणजे काय घरची पाटी आहे? पण त्यांनी ते खोडलं नाही, आणि दोन दिवसांत वॉर्डही जान म्हणू लागला.

मग एकदा खलाशाने बोट दाखवून काकांचं नाव विचारलं. इथे सगळ्यांना 'काका' पुरत होतं. काकांनी सांगितलं. खलाशाने ते दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा नीट म्हटलं. त्यानंतर रोज दाढी झाली की तो काकांचं नाव घ्यायचा आणि पुढे 'जानम' म्हणायचा. काका कानापर्यंत लाल व्हायचे.

"माझ्या जिवा, असा अर्थ," मास्तर म्हणाले. "फार मनावर घेऊ नका, तिकडे दुकानदारालाही म्हणतात."

काकांनी थोडं मनावर घेतलंच.

एका शुक्रवारी कंपनीचा माणूस त्याला न्यायला आला, तेव्हा काका खालच्या मजल्यावर ऑपरेशनच्या पेशंटकडे होते. ते वर आले तर गादी गुंडाळलेली, कार्ड गायब. तो दाराकडे सारखा बघत होता, असं मास्तरांनी सांगितलं, पण गाडी खोळंबली होती.

रविवारी दुसऱ्या शहरातल्या मुलाचा फोन आला. काकांनी विचारलं, "कॅन म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

"डबा. का हो, बाबा?"

काकांनी सगळं सांगितलं, मास्तरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने, काही न गाळता. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. छान आहे, असं मुलगा म्हणाला, आणि औषधं घेताय ना, असं विचारलं. काका हो म्हणाले. खलाशी काकांचं नाव कसं घ्यायचा, हे तेवढं सांगायचं राहिलं.

सोमवारी सात नंबरवर एक म्हातारे कारकून आले होते. टॉवेल लावता लावता काकांनी त्यांना नाव विचारलं.

"कार्डावर आहे की," म्हणत त्यांनी डोळे मिटले.

काकांनी वाकून कार्ड वाचलं. मग त्या नावाने त्यांना हलकेच हाक मारली आणि हनुवटीला फेस लावायला घेतला.