शेवटच्या रांगेतली टोपी

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, सभेत कधीच पुढं बसले नाहीत. शेवटची रांग, कडेची खुर्ची. भाषण रंगलं की टोपी डोक्यावर ताठ. कंटाळा आला की ती काढून गुडघ्यावर ठेवायची आणि टक्कल कुरवाळत बसायचं. आष्ट्याच्या आसपासच्या भल्याभल्या वक्त्यांना त्या टकलानं घाम फोडलाय.

हे शहाणपण काही उपजत नव्हतं बरं का! एके काळी ते स्वतःच नामांकित वक्ते. लग्न असो, सत्कार असो, माईक दिसला की आप्पांची जीभ शिवशिवायची. एकदा नदीकाठी कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाला श्रद्धांजली वाहायला उभे राहिले आणि मयताच्या बालपणापासून सुरू झाले. कावळा आला, नैवेद्याला शिवला, पोटभर खाऊन उडूनही गेला, तरी आप्पांचा मयत अजून चौथीतच शिकत होता. माणसं चपला शोधायला लागली. ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे, "कावळ्याचं प्वाट भरलं, पर माजं भरंना!" तेव्हापासून त्यांनी माईक सोडला आणि ऐकायचं काम धरलं.

मी शिरवळची. लग्नाआधी तिथंच कंपनीत कामाला होते. इथलं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि मी निवडून आले. पुढचं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं: सही माझी, भाषण नवऱ्याचं. आप्पा जेवता जेवता म्हणाले, "निवडून कोण आलंय? मग तिचंच त्वांड उघडू दे की." नवऱ्यानं आमटी ओरपली.

पहिलीच ग्रामसभा, आणि विषय पाणंदीचा. गावातून रानारानांतून नदीकडं जाणारी ही वाट दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं बांध सरकवून इतकी खाल्ली होती, की उसाचा ट्रॅक्टर आत शिरत नव्हता. मोळ्या डोक्यावरून काढाव्या लागायच्या. प्रत्येकानं आपण खाल्लेली वाट सोडावी, हे मला पटवायचं होतं. नाही पटलं तर मोजणी, कोर्ट, पोलीस आणि पिढ्यान्‌पिढ्यांची दुश्मनी. वर 'बाईच्यानं काय हुतंय' हे बोल ऐकायचे ते वेगळेच.

नवऱ्यानं मोबाईलवरून भाषण काढून दिलं. आप्पांनी मला विहिरीपाशी उभं केलं, मोटार चालू ठेवायला लावली आणि स्वतः लांब बांधावर जाऊन बसले. सभेत पोरं रडतात, फोन वाजतात, त्याची सवय पाहिजे म्हणे! मान्यवरांची नावं घेईपर्यंतच टोपी गुडघ्यावर आली. मी नेटानं पुढं वाचलं, "पाणंद रस्ते या ग्रामीण विकासाच्या रक्तवाहिन्या आहेत." आप्पा तिथून ओरडले, "रक्तवाहिनी कुणाच्या रानात हाय गं? गट नंबर सांग!"

मी असली चिडले, कागद टराटरा फाडून विहिरीत टाकला. आप्पा खूश झाले.

"लिवायचं मागनं बघू," ते म्हणाले. "ज्याला पटणार न्हाई, त्याच्या दारात आदी चहा पिऊन ये. भाषाण तितंच घावतंय."

म्हणून बाबालालचाचांकडं गेले. चाचांचं आष्ट्यात किराणा दुकान, पण जीव सगळा पाणंदीकडेच्या उसात. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. "सूनबाई, समदं खरं हाय. आमी बी द्यायला तयार हाय. पर पयलं कुणी द्यायचं?" मग खाली बघत म्हणाले, "तुमच्या आप्पांचा शेवगा कुठं उभा हाय, बगा जरा."

परत येताना बघितलं. शेवग्याची झाडं सरळ पाणंदीत उभी होती. ती माझ्या सासूबाईंनी लावलेली. त्या गेल्यापासून आप्पा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.

झाली पंचाईत! आप्पांना विचारायला जीभ रेटेना, आणि न विचारता भर सभेत बोलले तर घरात तोंड कसं दाखवू? सराव करताना मी शेवग्याचं नावच काढलं नाही. आप्पा म्हणाले, "बरं हाय. पर कायतरी गिळतीयास तू."

सभेच्या दिवशी देवळापुढचा मंडप गच्च भरला होता. मी उभी राहिले, मान्यवरांना बाजूला ठेवलं आणि एका दमात बोलून टाकलं. "पाणंद समद्यांनी खाल्लीया. त्यात आमचं घर पयलं. आमचा शेवगा वाटंत उभा हाय. तो आदी निघंल, मगच मी तुमच्या दारात मागायला येईन."

शेवटच्या रांगेत टोपी निघाली. आप्पांनी ती खुर्चीवर ठेवली आणि उठून चालायला लागले.

टोपी निघाली की बोलणं आवरायचं, ही त्यांचीच शिकवण. त्या दिवशी मी ती पाळली नाही. ऊस कसा वाळतो, मोळ्या वाहून बायकांच्या माना कशा जातात, सगळं बोलले.

बोलणं संपतंय तोवर पाणंदीकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. सगळे तिकडं पळाले. आप्पा बोडक्या डोक्यानं शेवगा तोडत होते. एक झाड आडवं झालं होतं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबत नव्हते.

"आवं आप्पा, मला वाटलं तुमी रागानं उठला!"

"पटल्यावर बसून काय ऐकायचं?" ते म्हणाले आणि पुढचा घाव घातला.

बाबालालचाचांनी त्यांच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. उरलेली झाडं त्यांनी पाडली आणि तसेच स्वतःच्या बांधाकडं वळले. मग बाकीचेही हलले. मोजणी नाही, पोलीस नाही, सुगीच्या आधी पाणंद मोकळी झाली. त्या आठवड्यात गावातल्या घराघरांत शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. आमच्यात मात्र आप्पांनी ती करू दिली नाही.

आप्पा गेल्या साली गेले. रक्षाविसर्जनाला सगळं गाव पाणंदीनंच नदीवर आलं. तालुक्यातले झाडून सगळे वक्ते हजर, घसे खाकरून तयार. त्यांच्या आधी मी माईक मागून घेतला.

"आत्ता ज्या वाटंनं आपण आलो, ती आप्पांनी दिली," एवढंच म्हणाले आणि माईक ठेवून दिला.

नंतर बोलायला कुणीच उठलं नाही. कावळा अजून यायचा होता.