आजऱ्याच्या बागेतला कोको

कोल्हापूरचं माणूस आजऱ्याला जातं ते काजूसाठी, नाहीतर घनसाळ तांदळासाठी. मी निघाले होते कोकोसाठी, आणि हे मी एसटीच्या कंडक्टरला सांगायला नको होतं.

"चाकलेटचं झाड?" तो गाडीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "बाई, आजऱ्यात काजू हाय. चाकलेट दुकानात मिळतंय की!"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण मनात म्हटलं, हसा लेको, दुकानातलं चॉकलेट मीच करत होते.

करत होते, हे मात्र खरं. शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई शालनताई बारा वर्षं चॉकलेट करत होतो. बी भाजायचं त्यांनी, दळायचं मी. मग आफ्रिकेत, जिथं जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकतो, तिथं पाऊस चुकला, झाडांना रोग पडला आणि भाव आभाळाला टेकला. मोठमोठ्या कंपन्या बियांसाठी धावत असताना आमच्या दोन पोत्यांना कोण विचारतो? पुढं भाव उतरले, पण तोवर आमच्या व्यापाऱ्यानं किरकोळ माल ठेवणंच सोडलं होतं. खोली बंद पडली. शालनताई पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "मंगल, चांगलं बी मिळालं तर कळव, मी येते."

त्याला दीड वर्ष झालं. अजूनही मी कधीतरी त्या खोलीत जाऊन नुसती उभी राहते. आम्हा दोघींचं स्वयंपाकघरात भांड्याला भांडं रोज लागायचं, पण त्या खोलीत कधी वाजलं नाही. त्यांच्याशिवाय घर मला खायला उठतं, हे त्यांना फोनवर सांगायचं धाडस मात्र मला झालेलं नाही.

म्हणून, आजऱ्याजवळ एका शेतकऱ्यानं सुपारीच्या बागेत कोको लावलाय, माल दोनदा परत आलाय आणि आता तो झाडं तोडणार आहे, असं जुन्या व्यापाऱ्याकडून कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलली. म्हटलं, कुऱ्हाडीच्या आधी पोचावं.

उसाचे दिवस होते. कागलपासून गाडी ट्रॉल्यांच्या मागे जी लागली ती सुटेना. निपाणीत चहा झाला. उत्तूर मागे पडल्यावर डोंगर जवळ आले, हवा गार झाली आणि काजूची झाडं दिसू लागली. तरी आजऱ्याला पोचायला दीड तास उशीर झाला, आणि वर मी एक फाटा आधीच उतरले. पायपीट करत हिरण्यकेशीच्या काठानं बागेपर्यंत गेले, तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला आणि डोकं तापलेलं होतं.

"या पावणं!" बागेचे मालक कल्लाप्पाअण्णा बांधावरूनच ओरडले. साठीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला टॉवेल. त्यांच्या मागून त्यांची बायको गंगव्वा आली. "बर्री अक्का (या ताई)," म्हणत तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्या चपलेकडे बघून म्हणाली, "एवढं चालत आलासा? फोन करायचा न्हाय व्हय?"

बाग बघितली आणि माझा राग पळाला. वर सुपारी, तिच्यावर चढलेली मिरी, आणि खाली सावलीत कोकोची बुटकी झाडं. फळं खोडालाच लटकलेली, काही पिवळी, काही तांबडी. बारा वर्षं मी ज्याचं बी हाताळलं, त्याचं झाड मी पहिल्यांदा पाहत होते. शालनताई इथं हव्या होत्या, असं इतकं तीव्रपणे वाटलं की मी एका फळावरून उगाच हात फिरवला.

"मागं दोघं खरेदीवालं आलतं," अण्णा सांगू लागले. "मोबाईल धरून बागंला फेरा मारला. म्हणालं, जंगल तोडून लावलंय का बघतोय, परदेशात आता इचारत्यात. म्या म्हटलं, वरची झाडं तोडली असती तर ह्याला सावली कुणी दिली असती? बाग पसंत पडली. बी न्हाय पडलं."

जगात ठिकठिकाणी कोकोसाठी रानंच्या रानं साफ झाली. आता शहाणपण सुचलंय, आणि सावलीतला, रान राखून पिकवलेला कोको सगळ्यांना हवाय. इथं एका माणसानं तसल्या गोष्टी कानावर पडायच्या आधीच तो पिकवला होता, आणि आता तोच तोडायला निघाला होता.

मी बी मागितलं. गंगव्वानं सूप भरून आणलं. इतकं स्वच्छ, पांढरट, देखणं कोकोचं बी मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि तिथंच मला शंका आली. चाकूनं एक कापलं. आत लिहायच्या पाटीसारखा करडा रंग. वास शून्य. चघळलं तर तोंड तुरट झालं.

"बियांवरचा गर कसा काढता?" मी विचारलं.

"चार पाण्यानं धुतो, मी सांगतो तुमास्नी," गंगव्वा अभिमानानं म्हणाली. (आमच्या भागात बायकाही 'मी सांगतो' असंच म्हणतात.) "काजूचं तसंच असतंय न्हवं? बोंडाचा रस राहिला की बी डागाळतंय. लगोलग उन्हात टाकतो. एक चिकट बी दावा!"

काजूच्या मुलखात जन्म गेलेली बाई. तिनं जे उभ्या जन्मात केलं ते कोकोलाही केलं, जीव लावून केलं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. कोकोचा गर धुवायचा नसतो. त्या गरासकट बी ढिगात आंबवलं तरच त्यात चव उतरते. मी हे जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"आंबवायचं? माझ्या घरात? माशा घोंगावतील, अक्का. लोक काय म्हणतील?"

"इडलीचं पीठ आंबवता ना? तसंच."

अण्णा कपाळाला हात लावून बसले. "पुढच्या सोमवारी तोडणारं गडी सांगितल्यात. आता एक सांगा, ठेवू का तोडू?"

संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं ठरवून मी आले होते. पण झाडांवर फळं होती. मी घरी फोन केला आणि राहिले. सहा दिवस.

फळं फोडली. गर सीताफळासारखा, पण आंबटगोड; मी बिया काढता काढता निम्मा वेळ चोखतच होते, आणि उरलेला वेळ गंगव्वाला शालनताईंबद्दल सांगत होते. मोठ्या पाटीत केळीची पानं अंथरून, गरासकट बी भरून, वर पोती टाकली. दुसऱ्या दिवशी ढीग थंडच. आजऱ्याची थंडी! माझं धाबं दणाणलं. ढीग तापला नाही तर सगळंच संपलं. गंगव्वानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली आणि स्वतःची वाकळ (गोधडी) आणून त्यावर घातली. "हितवर आलोच हाय तर हुंदे," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ताडीसारखा वास सुटला. शेजारचे एक आजोबा बांधावर येऊन म्हणाले, "कल्लाप्पा, माळकऱ्यागत वागायचास, हातभट्टी कवा लावलीस रं?" गंगव्वा लाजेनं घरात गेली. पण चौथ्या दिवशी सकाळी ढीग उलटायला तिनंच हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"अगंबया! तापलंय की हे!"

त्या बाईच्या तोंडावरचा आनंद मी विसरणार नाही. त्या दिवशी घमघमीत घनसाळ भात, वर तूप, भाकरी, ठेचा आणि मसुराची आमटी असं जेवण झालं, आणि मी तीनदा भात घेतला.

सहाव्या दिवशी बी उन्हात पसरलं. रंग तपकिरी दिसत होता, पण भाजल्याशिवाय खरं कळत नाही. "दोन आठवडे गडी थांबवा," मी म्हटलं. अण्णांनी मान हलवली. मी परतीची गाडी धरली.

वाळलेलं बी गंगव्वानं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं. मागची खोली उघडून, पुसून, मी एकटीनंच भाजलं. वास आला. आमच्या चॉकलेटचा तोच, किंबहुना थोडा जास्त फळाचा. मी आधी अण्णांना फोन केला: झाडं ठेवा, यंदाचं सगळं बी मी घेते. आणि मग पुण्याला लावला.

शालनताईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. किती दिवस आंबवलं, टरफल सुटतंय का, आत रंग कसा. अर्धा तास. मग म्हणाल्या,

"मंगल, माझं आता येणं होणार नाही गं. सूनबाईची नोकरी आहे, नातवंड माझ्या अंगावर आहे. आणि गुडघे उभं राहू देत नाहीत. कुणाला सांगितलं नव्हतं."

"बरं," मी म्हटलं.

आठवड्यानं गंगव्वाचा फोन आला. दुसरं पोतं कधी पाठवू विचारायला. मग म्हणाली, "जाऊबाई आल्या का तुमच्या?"

"नाही. त्या येणार नाहीत. मी एकटीच आहे."



"मग मी येतो की चार दिवस. म्हस ह्यांच्याकडं सोपवतो. आंबवायला शिकवलासा, आता भाजायला शिकवा."

"या," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. प्रवासाला गेले बी आणायला, आणि एक माणूस माझ्याकडे यायला निघालं होतं. फोन ठेवल्यावर मी शेगडीजवळ दोन पाट मांडले. तरीही मला शालनताईच हव्या होत्या, आणि मी तिथंच बसून पोटभर रडले.