हातोदच्या भंगारात मावशीचा ज्वलनकक्ष

चिन्मय, ईरा, काल फोनवर मावशी तुम्हाला 'सगळं ठीक आहे' म्हणाली. ठीक नाही. ती स्वतः सांगणार नाही, म्हणून मंगळवारच्या हातोदच्या फेरीची हकीकत मी, तुमची आजीच, लिहिते आहे, राग निवायच्या आत.

मावशी कॉलेजात काय करते ते आधी सांगते. वीज तयार करणाऱ्या गॅस टर्बाइनमध्ये इंधन ज्या भांड्यात जळतं, तो ज्वलनकक्ष. आच फार चढली की हवेतल्या नायट्रोजनपासून विषारी वायू तयार होतो. फार उतरवली तर इंधन अर्धवट जळतं आणि दुसरं विष निघतं, कार्बन मोनॉक्साइड. या दोहोंमधली वाट मावशी शोधत होती. पत्र्याच्या नळकांड्याला भोकं पाडायची, जाळून बघायचं, धूर तपासायचा, एखादी रांग बुजवून बोटभर मागे नवी पाडायची. चार वर्षं. गेल्या महिन्यात दोन्ही वायू एकदम खाली आले. भोकांच्या या शेवटच्या मांडणीची मापं कागदावर उतरवायची तेवढी राहिली होती, आणि माझ्या मोतीबिंदूसाठी ती आठ दिवस रजेवर गेली.

मंगळवारी परत गेली तर टेबल रिकामं. तिचा फोन येताच मी काळा चष्मा लावून जुन्या इंदूरहून रिक्षाने कॉलेज गाठलं.

"काकूजी, स्वच्छतेची पाहणी होती ना," विभागप्रमुख म्हणाले. "जळकं लोखंड पडलं होतं, सुक्या कचऱ्यात देऊन टाकलं. लेबल तर मैंने खुद चिपकवाया."

"जाळायच्या भांड्यावर जळल्याचे डाग नसतील तर काय हळदीकुंकू असेल?" मी विचारलं.

"आपलं शहर नंबर वन आहे. थोडं ॲडजस्ट करावं लागतं."

त्या निळ्याजांभळ्या डागांवरूनच पत्रा कुठे किती तापला ते मावशी वाचत असे.

भंगार हातोदला गेल्याचं शिपायाने सांगितलं. मावशीच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. विमानतळ मागे पडला, दोन्ही अंगांना सोयाबीनची शेतं लागली. हातोदच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. दुकानाशेजारी पोहे मिळत होते, वर शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इकडचा मसाला). मावशीने हात लावला नाही. मी सगळे खाल्ले. एवढ्या रागातही भूक लागते, हे माझं मलाच आवडलं नाही.

भंगारवाला म्हातारा होता. मावशीने वर्णन करताच त्याने मान हलवली.

"माताजी, सुबे आ जाते तो साबुत मिलता. आधा कट के भट्टी की गाड़ी में गया."

उरलेला अर्धा त्याने ढिगातून ओढून काढला. "आगे की ये फिरकी कटी ही नहीं. माल कड़क है. इससे होता क्या है?"

"भिया, धुआँ साफ़ होता है," मावशी म्हणाली.

त्याच्या मागे तांब्यासाठी वायरी जाळत होते. काळा लोट सरळ आमच्या तोंडावर येत होता. "तो बेटा, पेले यहीं लगा दे," तो म्हणाला. मावशीला हसू फुटलं. मला नाही.

परतताना ते अर्धं नळकांडं मी मांडीवर धरलं होतं. साडी काळी झाली. रस्ते चकचकीत होते, आणि आयुष्यात प्रथमच मला त्यांचा संताप आला. घर झाडताना चुलीवरचं भांडं उकिरड्यावर टाकणाऱ्या बाईला आपण नीटनेटकी म्हणत नाही. तसं मी प्राचार्यांना लिहून पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही.

मागच्या तीन रांगा वितळल्या. त्या मावशीला पुन्हा शोधाव्या लागतील. हवेला गरका देणारी पुढची पाती शाबूत आहेत, आणि भोकांच्या पहिल्या दोन रांगा. त्यांची मापं आम्ही दोघींनी बसून घेतली आहेत.